गजकर्णाची खरी ओळख

मृगाचा पाऊस सुरू झाला, की निपाणीच्या शिवारातील शेतकऱ्याचे कपडे अंगावरच भिजतात आणि अंगावरच वाळतात. मग जांघेत, काखेत, कमरेला वर्तुळाकार चट्टे उठतात. त्यांस कोणी गजकर्ण म्हणते, कोणी नायटा. रोगी दुकानातून एखादे मलम आणतो. खाज थांबते; पण रोग हटत नाही.

याचे कारण असे, की अशा पुष्कळ मलमांत स्टिरॉईड असते. ते दाह शमविते, चट्ट्याची लाल कड पुसट करते आणि बुरशीला मोकळे रान देते. मग इसब कोणता व गजकर्ण कोणते, हे अनुभवी डोळ्यालाही उमगेनासे होते.

अशा वेळी सूक्ष्मदर्शकाची साक्ष मोलाची ठरते. चट्ट्याच्या पसरत्या कडेवर बुरशी जोमात असते. म्हणून तेथील कोंडा बोथट पात्याने खरवडून काचपट्टीवर घेतात व त्यावर १० टक्के कॉस्टिक पोटॅशचा थेंब सोडतात. त्याने त्वचेच्या पेशी विरून पारदर्शक होतात, बुरशी मात्र टिकून राहते. काही मिनिटांनी मंद उजेडात पाहिले असता पेशींच्या सीमा ओलांडून गेलेले, फाटे फुटलेले, आत आडपडदे असलेले तंतू दिसतात. शिब्यात मात्र आखूड तंतू आणि गोल कणांचे घोस आढळतात. कापसाचा धागा नवशिक्याला फसवितो. पण त्यात आडपडदे नसतात.

ही विद्या जुनी आहे. डेव्हिड ग्रूबी याने पॅरिसमध्ये १८४१ साली डोक्याच्या एका त्वचारोगामागील बुरशी अशीच दाखवून दिली होती. मात्र एकदा तंतू न दिसले, म्हणून बुरशी नाहीच असे ठरत नाही. बुरशीची जात कळण्यासाठी ती प्रयोगशाळेत वाढवावी लागते. त्यास दोन ते चार आठवडे लागतात. २०२० साली नामकरण झालेली 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' ही जात भारतात पसरली असून टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती पुष्कळदा दाद देत नाही. म्हणूनच अंदाजाने केलेला उपचार आता अधिक महाग पडतो.

बेळगावात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. निपाणीहून तेथे जाण्यात मजुराचा एक दिवस मोडतो, हे खरे. परंतु चुकीच्या मलमावर महिनोन्‌महिने पैसा जातो आणि एकाच पंचाने अंग पुसणाऱ्या घरात तोच रोग लेकरांनाही जडतो. त्यापुढे त्या एका दिवसाची मजुरी थोडीच म्हणावी लागेल.