निकेल, लोह आणि अतिसंवाहकता
(बाळकुम येथील भाषणाचा मजकूर)



बाळकुमच्या घराघरांत येणारी वीज वाटेत काही अंशी उष्णतेच्या रूपाने वाया जाते. तारेचा रोध हे त्याचे कारण. हा रोध समूळ नाहीसा होऊ शकतो, हे हॉलंडमधील लायडन येथे कॅमरलिंग ओन्स यांनी १९११ साली दाखविले. मात्र त्यासाठी पारा उणे २६९ अंश सेल्सियसपर्यंत थंड करावा लागला. या गुणधर्मास अतिसंवाहकता म्हणतात. रुग्णालयांतील बहुतेक एम.आर.आय. यंत्रांच्या चुंबकांची वेटोळी याच गुणावर चालतात.

लोह-निकेलसारख्या चुंबकीय धातूंचे अतिसंवाहकतेशी वैर आहे, असे दीर्घकाळ मानले जाई. ते निराधार नव्हते. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीजोडीने वाहतात आणि चुंबकत्व सामान्यतः या जोड्या फोडते. या समजुतीस एक धक्का बसला तो येथून सुमारे चाळीस किलोमीटरवर, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. तेथे आर. नागराजन, एल. सी. गुप्ता, चंदन मझुमदार आदी संशोधक पवईच्या आय.आय.टी.तील सहकाऱ्यांसह इट्रियम, निकेल व बोरॉन यांच्या संयुगाचा अभ्यास करीत होते. उणे २६१ अंशांच्या आसपास त्यांना अतिसंवाहकतेची क्षीण खूण दिसली. नमुन्याचा अल्पसा अंशच तसा वागत होता. अशुद्धीचा परिणाम म्हणून तो सोडून देणे सोपे होते. त्यांनी तो सोडला नाही. कार्बनची जोड मिळताच नमुन्याच्या मोठ्या भागात तोच गुण प्रकटला. जानेवारी १९९४ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला.

पुढे २००८ मध्ये टोकियोच्या हिदेओ होसोनो यांच्या गटाने लोह व आर्सेनिक असलेल्या संयुगात उणे २४७ अंशांवर अतिसंवाहकता दाखविली. लँथॅनमच्या जागी समेरियम योजून चिनी शास्त्रज्ञांनी काही महिन्यांतच उणे २१८ अंशांपर्यंत मजल मारली.

हे स्फटिक थरांचे असतात. लोहाचे अणू फरशीप्रमाणे एका पातळीत, प्रत्येकाभोवती आर्सेनिकचे चार अणू, दोन वर व दोन खाली. अशा दोन फरश्यांमध्ये बेरियमचा किंवा लँथॅनम-ऑक्सिजनचा थर. मूळ स्फटिक थंड केला की लोहाच्या अणूंची चुंबके ठरावीक क्रमाने उलटसुलट लागतात आणि अतिसंवाहकता येत नाही. बेरियमच्या काही जागा पोटॅशियमला किंवा ऑक्सिजनच्या फ्लोरीनला दिल्या, की तो क्रम ढळतो व रोध संपतो. बेरियम-लोह-आर्सेनिकाची ही बांधणी मुंबईच्या निकेल संयुगाच्या नात्यातली आहे. तेथे त्याच आराखड्यात कार्बन अधिक बसविलेला असतो. जोड्या जुळण्याचे कारण मात्र वेगळे दिसते. निकेल संयुगात ते काम अणूंच्या जाळीची स्पंदने करतात. लोहात चुंबकीय चढउतारच ते करीत असावेत, असा बहुतेक अभ्यासकांचा कल आहे. म्हणजे ज्याला वैरी मानले, तोच मध्यस्थ! वाद अद्याप मिटलेला नाही.

उद्याच गावातील तारा बदलतील, अशी आशा दाखविणे योग्य नव्हे. ही लोहसंयुगे थंड ठेवण्यास उणे १९६ अंशांचा स्वस्त द्रव नायट्रोजनही पुरत नाही; तांब्याच्या संयुगांनी तो टप्पा १९८७ मध्येच ओलांडला होता. लोहाचे बळ निराळे आहे. अतिप्रखर चुंबकीय क्षेत्रातही त्याची अतिसंवाहकता टिकते, म्हणून मोठ्या चुंबकांसाठी त्याची तार ओढण्याचे प्रयत्न चालू आहेत. चीनमध्ये २०१६ साली अशी शंभर मीटर लांबीची तार तयार झाली. आर्सेनिक विषारी असल्याने हे काम अर्थातच मोठ्या सावधगिरीने करावे लागते.