मॅजेस्टिकचा आवाज

मुंबईत गिरगावात मॅजेस्टिक नावाचं थिएटर होतं. १४ मार्च १९३१ रोजी तिथं अर्देशीर इराणींचा ‘आलम आरा’ लागला आणि भारताचा सिनेमा पहिल्यांदा बोलला. गर्दी अशी लोटली, की पोलिसांना बोलवावं लागलं. पहिलं गाणं गायलं वझीर महंमद खान यांनी, फकिराच्या वेषात. नायक होते मूकपटांतले लोकप्रिय नट मास्टर विठ्ठल. उर्दू उच्चार जमेनात म्हणून त्यांचे संवाद कमी केले, असं सांगतात.

आज ते थिएटर नाही, तिथं दुकानांची इमारत आहे. ‘आलम आरा’ची एकही प्रत सापडलेली नाही. आपला पहिला बोलपट आपल्यापुरता मुकाच झाला.

उरलं ते नाव. या थिएटरच्या आसऱ्यानं कोठावळे यांनी १९४२ साली पुस्तकांचा स्टॉल काढला, ‘मॅजेस्टिक बुक स्टॉल’. उर्दू बोलणाऱ्या सिनेमाच्या घराचं नाव असं मराठी पुस्तकांनी जपलं. मराठीत कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमानाला हे नातं घरचं वाटतं.

तुमच्या गावातलंही जुनं थिएटर पाडलं जाईल. त्याआधी तिथल्या डोअरकीपरशी एकदा बोलून घ्या. इमारतीबरोबर आवाजही जातो.