तोंडाला काय लावता, ताई?

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी सोलापुरात झालेल्या आरोग्य शिबिरातील भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सकाळच्या सत्रात आपण रक्तक्षयावर बोललो. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या कशा काढल्या जातात, त्यावर बोललो. आणि आता मी उभी आहे ती तोंडावरच्या डागांविषयी बोलायला. मला संकोच वाटतो, हे आधीच सांगून टाकते. 'एवढे मोठे प्रश्न पडलेले असताना हे काय काढलंय?' असे तुमच्यापैकी कुणाच्या मनात आले असेल, तर मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. तसे वाटत होते म्हणूनच माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती माझ्या एकटीपुरती राहिली नाही.

माझ्या दोन्ही गालांवर, वरच्या ओठावर आणि कपाळाच्या कडेला जे तपकिरी पट्टे आहेत ते मागच्या रांगेतूनही दिसत असतील. आपण याला वांग म्हणतो, डॉक्टर मेलाझ्मा म्हणतात. २०१७ साली माझ्या मुलीच्या वेळी सहावा महिना लागला आणि हे दिसायला लागले. बाळंतपणानंतर जाईल, असे सगळ्या सांगत होत्या. पुष्कळ जणींचे फिकट होते, हे खरेही आहे. माझे झाले नाही. मुलगी चालायला लागली, बोलायला लागली, वांग जागेवरच.

वांग दुखत नाही, खाजत नाही, त्याने ताप येत नाही, कुणाला त्याचा संसर्ग होत नाही. त्यामुळे तो आजार आहे असे कुणी धरत नाही. पण तो रोज सकाळी आरशात असतो. वस्तीत सर्वेक्षणाला गेले की पहिला प्रश्न मी विचारण्याआधी समोरून यायचा, "ताई, तोंडाला काय झालं वो?" मग सल्ले. अंगात उष्णता आहे, यकृत तपासून घ्या, पोट साफ नाही, तोंड नीट धुवत नाही का. जायफळ दुधात उगाळून लावून झाले. लिंबू चोळून झाले, त्याने फक्त आग झाली. गटाचा फोटो काढायचा असला की मी कडेला, कुणाच्या तरी पाठीमागे. नवरा म्हणायचा, "मला तर ते दिसतही नाही." त्याने ते प्रेमाने म्हटले होते, पण माझा त्रास त्याला दिसत नाही एवढेच मला ऐकू यायचे.

२०१९ मध्ये एका औषध दुकानात मुलीसाठी तापाचे औषध घ्यायला गेले होते. दुकानदाराने न विचारता सांगितले, "मॅडम, तुमच्या डागांवर एक ट्यूब आहे, रात्री लावा, पंधरा दिवसांत फरक." चिठ्ठी मागितली नाही, मीही काही विचारले नाही. समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण झालेली, औषधांच्या दुष्परिणामांवर वस्तीत बैठका घेणारी बाई मी. ती ट्यूब पर्समध्ये टाकून घरी आले आणि खोक्यावरची बारीक अक्षरे वाचलीसुद्धा नाहीत.

फरक पडला. तीन आठवड्यांत चेहरा असा उजळला की लोक थांबवून विचारायला लागले. तो आनंद मी आज खोटा म्हणणार नाही. कितीतरी दिवसांनी मी फोटोत मध्ये उभी राहिले.

नंतर दोन दिवस ट्यूब नाही लावली की चेहरा लाल व्हायचा, चुरचुरायचा. लावली की शांत. म्हणून लावतच राहिले. तुम्हाला आठवत असेल, १९७५ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या 'फेअर अँड लव्हली'च्या नावातून कंपनीने २०२० मध्ये 'फेअर' हा शब्द काढला आणि 'ग्लो' घातला. त्यावर आपण मोबाइलवर सभा घेतली होती. तिथे मी गोरेपणाच्या बाजारावर वीस मिनिटे बोलले, चांगले बोलले असे सगळ्या म्हणाल्या. मोबाइल बंद केला आणि ट्यूब लावून झोपले. हे मी कुणालाही सांगितले नाही. कुणाला सांगणार होते? आपल्या बैठकीत नवऱ्याच्या माराविषयी सांगता येते. पांढऱ्या पाण्याविषयी सांगायलाही आपण एकमेकींना शिकवले. पण 'मला माझे तोंड बघवत नाही' हे सांगायला जागा नव्हती, कारण त्याचे उत्तर आधीच ठरलेले होते: बाईची किंमत तिच्या दिसण्यावर ठरू नये. मला ते उत्तर पटलेले होतेच. गालावरचा डाग मात्र तसाच होता.

आमच्या वस्तीतल्या बचत गटात कडक भाकरी करणाऱ्या एक ताई आहेत. सकाळी पाचपासून तव्यासमोर. त्यांनाही वांग, माझ्यापेक्षा गडद. एक दिवस त्या म्हणाल्या, "ताई, तुमचं गेलं की वो! तोंडाला काय लावताव, सांगा की." मी ट्यूबचे नाव सांगितले. कागदावर लिहून दिले. त्यांनी लावली, त्यांच्या जावेने लावली आणि जावेच्या मुलीनेही लावली. त्या मुलीला वांगबिंग काही नव्हते, तिला पाहायला पाहुणे येणार होते म्हणून गोरे दिसायचे होते.

२०२१ मध्ये माझ्या गालांवर लाल कोळिष्टकासारख्या बारीक रक्तवाहिन्या दिसू लागल्या, हनुवटीवर केस आले आणि या वयात फोड यायला लागले. तेव्हा कुठे मी त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती हीच, काय लावता? ट्यूब पाहिली आणि म्हणाल्या, रोज माझ्याकडे अशा बायका येतात.

त्यांनी जे समजावले ते तुम्हाला सांगते, कारण हे आपल्या कामाचे आहे. त्या ट्यूबमध्ये तीन औषधे असतात. हायड्रोक्विनोन रंगद्रव्य तयार होणे रोखते. ट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वाचे रूप, ते वरची कातडी लवकर बदलायला लावते. तिसरे स्टिरॉइड. हे मिश्रण मुळात १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी मांडले आणि त्यात औषध म्हणून काही वाईट नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडे आठवडे, मग बंद. आपल्याकडे त्यात बऱ्याचदा मोमेटासोन हे जोरकस स्टिरॉइड असते आणि ते वर्षानुवर्षे लावले जाते. स्टिरॉइडने कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या पसरतात, लव वाढते, फोड येतात. सोडले की चेहरा पेटतो, म्हणून बाई पुन्हा लावते. हायड्रोक्विनोन फार काळ लावले तर काही जणींच्या चेहऱ्यावर निळसर काळेपणा येतो, आणि तो घालवणे वांगापेक्षाही अवघड.

मी एकटी नव्हते. भारतातल्या बारा ठिकाणच्या त्वचारोगतज्ज्ञांनी केलेली एक पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. त्यांतल्या शंभरातल्या एकोणसाठ जणांना ते डॉक्टरांनी सुचवलेलेच नव्हते. शंभरातले एकोणतीस जण तर ते नुसते गोरेपणाचे किंवा रोजचे क्रीम म्हणून लावत होते. पुढे डॉक्टरांच्या संघटनेने पाठपुरावा केला आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टिरॉइड मलमे अनुसूची 'एच'मध्ये घातली. म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. मी ट्यूब घेतली २०१९ मध्ये. कायदा झाल्यानंतर.

आता माझी दुसरी चूक. दवाखान्यातून बाहेर पडले ती रस्त्यातूनच भाकरीवाल्या ताईंना फोन केला, "आजच्या आज बंद करा, फेकून द्या." माझे औषध डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने सोडवायचे ठरवले होते. सोबत साधे मलम, पोटात घ्यायच्या गोळ्या, आग सोसायची तयारी. त्यांना मी यातले काहीच सांगितले नाही. त्यांनी त्या दिवशीच सोडली. चौथ्या दिवशी चेहरा सुजून लाल झाला, पू धरला, आणि तव्याच्या धगीसमोर त्यांना उभे राहता येईना. तीन आठवडे भाकरी बंद. तीन आठवड्यांचे पैसे बंद. मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले तेव्हा रिक्षात त्या म्हणाल्या, "लावा म्हणलाव, लावली. सोडा म्हणलाव, सोडली. आता पुढच्या येळी इचारून सांगा की वो."

माझा चेहरा निवायला सात महिने लागले. वांग परत आले, आधी होते तेवढेच. रक्तवाहिन्या अजून आहेत. ताईंचे थोडे लवकर निवले. ती मुलगी मात्र लग्न होऊन गेली आणि सासरी ट्यूब लावतच होती, कारण पाहुण्यांनी जो रंग पाहिला होता तो टिकवायला हवा होता. तिच्यापर्यंत पोचायला मला वर्ष लागले. फोनवर ती बोलायची नाही, शेजारी कुणीतरी असायचे. शेवटी माहेरपणाला आली तेव्हा तिला डॉक्टरांकडे नेले.

मग वांगावर करायचे काय? पूर्ण बरे करणारे औषध नाही, हे प्रथम. कमी होते, दाबून ठेवता येते, ऊन लागले की परत येते. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी ऊन आणि संप्रेरके यांमुळे जास्त काम करायला लागतात, घरात कुणाला असेल तर शक्यता वाढते. यात बाईचा स्वच्छतेशी, स्वभावाशी किंवा पोटाशी काही संबंध नाही. अझेलिक आम्लाचे मलम हळू काम करते, पण त्यात स्टिरॉइड नाही. ट्रॅनेक्झॅमिक आम्लाच्या गोळ्या काही डॉक्टर देतात. मात्र कधी रक्ताची गाठ झाली असेल तर त्या धोक्याच्या, म्हणून त्या दुकानातून मागून घ्यायच्या नाहीत. गरोदर बाईने ट्रेटिनॉइन लावायचे नाही.

पण या सगळ्याआधी उन्हापासून बचाव, आणि इथे खरी अडचण आहे. डॉक्टर म्हणतात सनस्क्रीन लावा. दोन बोटांच्या लांबीएवढे, दर दोन-तीन तासांनी. वांगाला नुसत्या अतिनील किरणांनी नव्हे, दिसणाऱ्या प्रकाशानेही त्रास होतो, म्हणून लोह ऑक्साइड घातलेले, रंग असलेले चांगले. मी हिशेब केला. दिवसातून दोनदा जरी लावले तरी पन्नास ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत नाही, आणि ती चारशे-पाचशे रुपयांना. बिगारी कामाला जाणाऱ्या बाईने हे कुठून आणायचे? आपल्या कायद्यात सनस्क्रीन हे औषध नाही, सौंदर्यप्रसाधन आहे. उन्हात राबणाऱ्या बाईला ते सौंदर्यासाठी लागते, असे ज्याने ठरवले त्याला सोलापूरच्या मे महिन्यात एक दिवस खडी वाहायला लावले पाहिजे. तोपर्यंत आपल्याकडे आहे ते वापरायचे: जाड सुती ओढणी किंवा पदर डोळ्यांच्या खालपर्यंत, रुंद काठाची टोपी, आणि मुकादमाशी भांडून बारा ते चारचे काम सावलीत. धगीनेही वांग वाढू शकते, म्हणून भाकरीवाल्या ताईंच्या गटाने तव्याच्या पाळ्या लावून घेतल्या आहेत. दोन तास तवा, दोन तास मळणे-थापणे. त्यासाठी त्यांना माझी गरज लागली नाही.

आणखी एक. पाळणा लांबवण्याच्या माला-एनसारख्या संमिश्र गोळ्यांनी काही जणींना वांग येते किंवा असलेले वाढते. गोळी देताना हे सांगितले जात नाही. मी गोळ्या फेका असे म्हणत नाही. एकदा तसा सल्ला देऊन मी शिकले आहे. आशाताईंशी किंवा डॉक्टरांशी बोलून तांबी, किंवा संप्रेरक नसलेली 'छाया' गोळी असे पर्याय बघता येतात. ईपी फोर्टविरुद्ध, नेट-एन इंजेक्शनविरुद्ध आपल्या आधीच्या पिढीने लढे दिले. प्रत्येक औषधात काय आहे, ते विचारायची सवय चळवळीने लावली. तोंडाला लावायच्या ट्यूबपाशी येऊन आपण ती सवय सोडली, कारण तो विषयच आपल्याला हलका वाटला.

ट्यूबवर बघायची नावे फळ्यावर लिहिली आहेत: मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन, डेक्सामेथासोन. यातले एकही नाव असेल आणि डॉक्टरची चिठ्ठी नसेल, तर लावणे सुरू करू नका. आधीपासून लावत असाल तर एकदम सोडू नका, आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. पार्लरमधून बिननावाच्या डबीत दिलेले क्रीम तर नकोच. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये गोरेपणाच्या क्रीममधल्या पाऱ्यामुळे लोकांची मूत्रपिंडे बिघडल्याचे तिथल्या डॉक्टरांनी उघडकीला आणले.

येताना घरातल्या ट्यूब घेऊन या, असा निरोप दिला होता. ज्यांनी आणल्या आहेत त्यांनी जेवणाच्या सुट्टीत खिडकीजवळच्या टेबलाकडे या. सगळ्यांसमोर दाखवायची लाज वाटत असेल तर नंतर या, मी साडेपाचपर्यंत आहे. माझ्याकडे भिंग आहे. अक्षरे फार बारीक असतात.