नाशिकला पैसा कशासाठी येतो?

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



जेवणाआधीचं भाषण लांबवू नये, म्हणून एकाच प्रश्नावर बोलतो. आपल्यापैकी अनेकांची मुलं पुण्याला, बंगळूरुला गेली. त्यामुळे भेटलो की विषय निघतोच, ‘आपल्या नाशिकला परदेशी कंपन्या का येत नाहीत?’

अहो, त्या केव्हाच आल्या आहेत! फक्त प्रत्येक धंद्यातला पैसा वेगळं काहीतरी बघून येतो.

सातपूरची मायको घ्या. मूळ भांडवल जर्मनीच्या बॉशचं. 2008 साली कंपनीचं नावही बॉश झालं. तिथे डिझेल इंजिनाचे नोझल, इंजेक्टर बनतात. मायक्रॉनमध्ये मोजायचं काम. त्याला मशीनवर हात बसलेला कामगार लागतो आणि सुटे भाग वेळेवर करून देणारा छोटा कारखानदार लागतो. सातपूर-अंबडला दोन्ही मिळतात.

दिंडोरीचं गणित निराळं. 2013 साली फ्रान्सच्या मोएत हेनेसीने तिथली शांदाँ बाजारात आणली. एक तर द्राक्षं इथली. शिवाय बाहेरून येणाऱ्या वाइनवर तेव्हा 150 टक्के आयात शुल्क होतं. बाटली आणण्यापेक्षा इथे भरणं परवडलं.

विम्यात ना माती बघतात, ना मशीन. तिथे कायदा दार उघडेल तेवढाच पैसा आत येतो. 2000 साली परदेशी हिस्स्याची मर्यादा 26 टक्के होती, 2015 मध्ये 49 झाली, 2021 मध्ये 74. आणि हा पैसा बहुतेक मुंबईच्या मुख्य कचेरीत थांबतो. आपल्या वाट्याला शाखा येते.

काही पैसा निव्वळ गिऱ्हाईक बघून येतो. 2007 साली रेनॉने महिंद्राबरोबर लोगान गाडी आणली, ती नाशिकच्या कारखान्यात बनत होती. खप झाला नाही आणि 2010 मध्ये रेनॉ आपला हिस्सा विकून भागीदारीतून बाहेर पडली. कारखाना राहिला, कामगार राहिले. तीच गाडी पुढे व्हेरिटो नावाने निघाली.

म्हणजे सवलत आणि गिऱ्हाईक बघून आलेला पैसा उठून जाऊ शकतो. हातातलं कसब बघून आलेल्याला उठणं जड जातं. नाशिकची खरी ठेव ती.

पण ही ठेवही आता जुनी होते आहे. विजेवर चालणाऱ्या गाडीत डिझेलचा नोझल नसतो. ज्या कामावर आपल्या दोन पिढ्यांची घरं उभी राहिली, ते काम कमी होत जाणार. मायक्रॉन सांभाळणारे हात मात्र दुसऱ्या कामालाही लागतील, वेळीच शिकवले तर.

म्हणून अंबड-सातपूरला ज्यांचे कारखाने आहेत, त्या वर्गमित्रांना एक विनंती. दरवर्षी आयटीआयची दोन मुलं शिकाऊ म्हणून घ्या, आणि त्यांना जुन्या मशीनबरोबर नवंही हाताळू द्या. सरकारचं धोरण ठरवणं आपल्या हातात नाही. एवढं नक्की आहे.