लिनक्स शिकण्याची साधने

लिनक्स शिकण्याचे बरेचसे साहित्य लिनक्समध्येच असते, आणि नवशिक्यांचे दुर्लक्ष नेमके त्याकडेच होते. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये फिनलंडमध्ये शिकत असताना या प्रणालीचा गाभा लिहिला. रोजच्या वापरातल्या अनेक कमांड मात्र त्याहून जुन्या, युनिक्स या आधीच्या प्रणालीच्या काळातल्या आहेत. युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका नोव्हेंबर १९७१ मध्ये निघाली. तिच्यातल्या 'एलएस' आणि 'सीपी' या कमांड आजही चालतात.

या पुस्तिकेचीच पुढची परंपरा म्हणजे 'मॅन' पाने. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीत, 'मॅन' हा शब्द आणि त्यापुढे कमांडचे नाव टाइप केले, की तिची माहिती पडद्यावर येते; इंटरनेट लागत नाही. ही पाने पहिल्यांदा फार कोरडी वाटतात, कारण ती संदर्भासाठी लिहिलेली आहेत. शब्दकोश सलग वाचून कोणाला भाषा येत नाही, तसेच हे. म्हणून आधी फक्त वरची सारांशाची ओळ पाहावी. तिथे चौकटी कंसात जे असेल ते गाळले तरी चालते. तीन टिंबांचा अर्थ, तो भाग एकाहून अधिक वेळा देता येतो. एवढे कळले की निम्मी भीती जाते. पानात एखादा शब्द शोधायचा तर तिरकी रेघ देऊन तो लिहावा; बाहेर पडायला 'क्यू' दाबावे. कमांडचे नावच ठाऊक नसेल, तर 'अ‍ॅप्रोपॉस' लिहून पुढे विषयाचा इंग्रजी शब्द द्यावा.

क्रमाने शिकण्यासाठी मराठी श्रोत्यांना आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचा मोठा आधार आहे. साधारण दहा मिनिटांचा एकेक धडा, आणि लिनक्सचे धडे मराठी निवेदनातही आहेत. अर्ध्या पडद्यावर धडा चालू ठेवून उरलेल्या अर्ध्यात तेच स्वतः करत जायचे, ही त्याची पद्धत. नुसते पाहून काही हाती लागत नाही. इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी विल्यम शॉट्स यांचे 'द लिनक्स कमांड लाइन' हे पुस्तक मोफत उपलब्ध आहे.

पुस्तक असो वा व्हिडिओ, तो कोणत्या आवृत्तीसाठी केलेला आहे हे आधी पाहावे. उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकारात आवृत्तीच्या आकड्यातच वर्ष आणि महिना असतो: २२.०४ म्हणजे २०२२ चा एप्रिल. ऑक्टोबर २०१७ मधल्या १७.१० या आवृत्तीत उबुंटूने 'युनिटी' सोडून 'ग्नोम' हा डेस्कटॉप घेतला, त्यामुळे त्याआधीच्या धड्यांतली चित्रे आजच्या पडद्याशी जुळत नाहीत. टर्मिनलचे जुने धडे मात्र बहुतांशी उपयोगी पडतात.

सरावासाठी लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालवता येते. संगणकावरची मूळ प्रणाली तशीच राहते. फाइल पुसणारी 'आरएम' कमांड मात्र तिथेही जपून वापरावी. तिने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही.