पाटावर बसलेला संगणक



समितीने मला सांगितलं, ‘कॉम्प्युटरवर दहा मिनिटं काहीही बोल.’ काहीही बोलायचं तर कबुलीजबाबच देते. आपल्या निरोप समारंभाचा व्हिडिओ आज दाखवणार होतो, त्याचं काय झालं, असं सकाळपासून निदान सहा जणांनी विचारलं. त्याचं जे झालं ते माझ्यामुळे झालं.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये मुलीची शाळा ऑनलाइन, माझं ऑफिस घरून आणि लॅपटॉप एकच. घरात मदरबोर्ड, प्रोसेसर, पॉवर सप्लाय असे सुटे भाग पडले होते. नव्हतं ते कॅबिनेट, म्हणजे सगळं ज्यात बसवतात तो पत्र्याचा डबा. दुकानं बंद. मग माळ्यावरून गणपतीचा जुना पाट काढला. मदरबोर्डच्या खालच्या बाजूला डाग दिलेली टोकं वर आलेली असतात, म्हणून बॉलपेनच्या नळीचे तुकडे कापून खाली ठेवले आणि लाकडी स्क्रूने बोर्ड पाटावर बसवला. चालू करायला बटण नव्हतं. दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, की झाला सुरू. मुलगी हे एका दिवसात शिकली. सासूबाई म्हणाल्या, “पाटावर बसवलाच आहेस, तर हळदकुंकूही वाहा.”

कॅबिनेट नंतर घ्यायचं राहूनच गेलं. खरं सांगायचं तर मला ते नकोच होतं. उघडा संगणक जास्त थंड राहणार, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं, आणि प्रोसेसरपुरतं ते खरंही निघालं. त्याच्या डोक्यावर स्वतःचा पंखा असतो आणि उघड्यावर त्याला खोलीतली ताजी हवा मिळते. पुढे तो गोल पंखा तासाच्या वेळी फार आवाज करतो म्हणून काढला आणि उंच, मनोऱ्यासारखा कूलर लावला. प्रोसेसर आणखी पंधरा अंशांनी उतरला. मी खूश! मग सहज शेजारच्या छोट्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बोट ठेवलं, तर चटका बसला.

ती पट्टी ज्या भागावर असते, तो पॉवर सप्लायकडून आलेले १२ व्होल्ट प्रोसेसरला लागणाऱ्या साधारण एक व्होल्टपर्यंत खाली आणतो. त्या कामात तो स्वतः तापतो, पण त्याला पंखा नसतो. जुना गोल पंखा हवा खाली बोर्डावर मारायचा, त्यात हाही भाग निवायचा. नवा मनोरा हवा आडवी फेकतो, ती याच्या डोक्यावरून जाते.

सर, तुम्ही चंचुपात्रात पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकून अभिसरण दाखवलं होतं. जांभळी रेघ किती सावकाश वर चढली होती, आठवतं? हवेचंही तसंच. ढकलणारं कोणी नसेल तर गरम हवा आपल्या गतीने उठते, आणि ती गती आपल्या कामाची नसते. दोनशे वॅट उष्णता वाहून न्यायची आहे आणि हवा दहा अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नाही, असं गणित मांडलं तर सेकंदाला जवळपास १७ लिटर हवा सरकावी लागते. कॅबिनेटचं खरं काम हे. समोरचा पंखा हवा आत ओढतो, मागचा बाहेर टाकतो आणि वाटेत ज्यांना पंखा नाही अशा सगळ्यांवरून ती फिरते. वाड्यात समोरासमोरची दोन दारं उघडली की वारा खेळतो, तसं. मी ‘डबा हवा अडवतो’ म्हणत होते. तो बोगदा होता.

बोर्डावरची छोटी एसएसडीही अशीच बिनपंख्याची. मोठी फाइल उतरवताना पहिला मिनिटभर सुसाट, मग वेग निम्म्यावर. तापली की ती आपणहून मंदावते, म्हणजे बिचारी निदान स्वतःला सांभाळते. धूळ, पाली, ओढणीचं टोक हे उघड्यावरचे बाकीचे त्रास सांगत बसत नाही.

हार्ड डिस्कला तेवढं शहाणपण नसतं. तिची उष्णता तिच्या धातूच्या अंगातून बाहेर जाते, आणि कॅबिनेटमध्ये ती बहुधा समोरच्या पंख्याच्या वाऱ्यात असते. माझ्याकडे ती पाटाच्या कडेला नुसती ठेवलेली होती. उन्हाळाभर वर छताचा पंखा फिरत होता. मे महिन्यात खोली ३५ अंश, डिस्क ४६. उत्तम. थंडी आली, पंखा बंद झाला. शांततेत डिस्कची घरघर पाटातून ऐकू यायला लागली, म्हणून मी तिच्याखाली टॉवेलची घडी घातली. आता तीन बाजूंनी कापूस आणि वर स्तब्ध हवा. नंतर नोंदी काढून पाहिल्या: जानेवारीत खोली २२ अंश आणि डिस्क ५७. अशा डिस्कना बहुतेक उत्पादक ६०ची मर्यादा देतात. उन्हाळ्यात मी रोज तापमान बघायचे, थंडीत एकदाही पाहिलं नाही. ऑफिसात सर्व्हरच्या तापमानाचे आलेख बघणं हे माझं काम आहे, हेही सांगून टाकते.

निरोप समारंभाची कॅसेट त्याच जानेवारीत, यंदाच्या, माझ्याकडे आली होती. फितीला बुरशी होती. दुकानदाराने साफ करून एकदाच चालवली, ४२ मिनिटं उतरवून घेतली आणि शेवटाला ती फीत तुटली. मी फाइल त्या डिस्कवर ठेवली, ग्रुपवर सकाळी टाकू म्हटलं. सकाळी डिस्क टकटक करत होती. कशीबशी अकरा मिनिटं एसएसडीवर आली आणि ती थांबली. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिली, तबकडीवर ओरखडे होते. डिस्क सात वर्षांची होती, सगळा दोष उष्णतेचा म्हणणार नाही. पण दुसरी प्रत मी केली नाही, तो दोष कोणाचाच नाही, माझा आहे. मोठ्या बाईंचं भाषण उरलेल्या एकतीस मिनिटांत होतं. आज त्या नाहीत. त्यांच्या मुलीला मी महिनाभर फोन करू शकले नाही.

पाट अजून आहे. त्यावर एक १२० मिलिमीटरचा पंखा आडवा लावला आहे, बिनपंख्याच्या सगळ्या भागांवरून हवा नेतो. नवी डिस्क उभी, दोन्ही अंगांनी मोकळी. प्रती तीन, त्यातली एक माझ्या घरात नाही.

अकरा मिनिटं चहानंतर दाखवू. आणि एक विनंती. त्या वेळी पैसे भरून काही जणांनी कॅसेटच्या प्रती घेतल्या होत्या, यादीत चार नावं होती म्हणतात. घरी गेलात की माळा, ट्रंक, आईचं कपाट बघा. बुरशी दिसली तरी टाकू नका आणि मिळालीच तर उत्साहाने व्हीसीआरमध्ये घालून बघू नका, फीत तुटेल. तशीच कोरड्या पिशवीत ठेवा आणि मला फोन करा. मी स्वतः न्यायला येईन.