व्हिसाचा अर्ज आणि वकिलाची पायरी



या व्यासपीठावर विद्वानांची व्याख्याने होतात. आम्ही विद्वान नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली आणि पुढचे शिक्षण, जे काय झाले ते, गेटसभांत, सार्वजनिक वाचनालयात आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात झाले. तेव्हा हा गृहस्थ विलायतेच्या व्हिसावर काय बोलणार, असे कोणाला वाटले तर त्यात गैर काही नाही. पण कामगाराच्या घरी इंग्रजी कागद आला की तो अजूनही आधी युनियनच्या कचेरीत येतो. पूर्वी चार्जशीट यायची, ग्रॅच्युइटीचा हिशेब यायचा. अलीकडे मुलीचे लग्न लेस्टरच्या नाही तर लंडनच्या मुलाशी झालेले असते, किंवा मुलगा इकडे आणि सून तिकडे असते, आणि बाप पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून विचारतो, "भाऊ, वकील करावा काय?" याच प्रश्नाचा आज विचार करू. अमेरिका, कॅनडा येथील कायदे निराळे आहेत. आम्ही बोलतो ते केवळ ब्रिटनविषयी.

प्रथम एक घोटाळा दूर करू. नवरा तिकडे कामाच्या व्हिसावर असेल, तर बायको जाते ती त्याची आश्रित म्हणून. तो रस्ता वेगळा. नवरा ब्रिटिश नागरिक असेल किंवा त्याला तेथे कायम राहण्याची परवानगी मिळालेली असेल, तर मात्र पती-पत्नीचा व्हिसा लागतो, आणि आमचे बोलणे आहे ते त्याबद्दल. केअर वर्कर म्हणून २०२४ च्या ११ मार्चपासून नव्याने गेलेल्यांना तर कुटुंब नेण्याची परवानगीच नाही. अशा माणसाला "वकिलाकडून करून देतो" असे कोणी सांगत असेल, तर त्याच्या दुकानाची पायरी न चढणेच बरे.

आता पैशाचे बोलू, कारण आमच्या लोकांचा जीव तेथेच अडकतो. बाहेरून अर्ज करावयाचा तर २०२५ च्या एप्रिलमध्ये फी झाली १,९३८ पौंड. त्याशिवाय तेथील सरकारी आरोग्यसेवेचा आकार पहिल्या पावणेतीन वर्षांच्या परवान्यासाठी ३,१०५ पौंड, हा दर २०२४ च्या फेब्रुवारीपासूनचा. दोन्ही मिळून आपले साडेपाच लाख रुपये सहज ओलांडतात. अर्ज फेटाळला गेला तर आरोग्याचा आकार परत मिळतो, अर्जाची फी मिळत नाही. म्हणजे एक नकार आला की दोन लाखांवर रुपये बुडाले आणि नवराबायको आणखी कित्येक महिने दोन खंडांत दोन बाजूंना बसली. वकिलाची फी तोलायची ती या बुडणाऱ्या रकमेशी आणि या महिन्यांशी. नुसती फी ऐकून "बापरे" म्हणणे किंवा नुसत्या भीतीने ती भरून टाकणे, दोन्ही हिशेबात बसत नाही.

आम्हा युनियनवाल्यांना या तोलण्याची सवय आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या ३६ व्या कलमात असे होते की, समेट अधिकाऱ्यापुढे वकिलाला उभेच राहता येणार नाही. आणि लेबर कोर्टात दुसऱ्या पक्षाची संमती व कोर्टाची परवानगी असेल तरच. तो कायदा २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या औद्योगिक संबंध संहितेत गेला. पण त्या कलमाच्या आधाराने सातवी-आठवी शिकलेल्या किती माणसांनी बॅरिस्टर ठेवणाऱ्या मालकांशी कागद समोर ठेवून वाद घातला, हे आम्ही पाहिले आहे. हजेरी किती, पगार किती, काम केव्हापासून, हे सांगायला वकील लागत नाही. मात्र तेच प्रकरण रिट होऊन हायकोर्टात गेले की आम्ही रुपया-रुपया वर्गणी काढून चांगल्यातला चांगला वकील उभा केला. वस्तुस्थितीचा प्रश्न आणि कायद्याचा प्रश्न, हे दोन वेगळे ओळखता आले की निम्मे काम झाले. व्हिसाच्या बाबतीतही आमची कसोटी हीच आहे.

एक प्रकरण सांगतो. आमच्या युनियनमधील एका टर्नरच्या मुलीचे लग्न लेस्टरच्या मुलाशी झाले. मुलगा ब्रिटिश नागरिक, बस चालवतो, पगार वर्षाला एकतीस हजार पौंडांच्या आसपास. येथल्या एका एजंटाने "वकिलासकट" म्हणून दीड लाख सांगितले आणि अर्ज लगेच भरू म्हणाला. मुलगी बी. कॉम. झालेली. तिला आम्ही म्हटले, नियम ब्रिटिश सरकारनेच छापून सर्वांसाठी खुले ठेवले आहेत, ते आधी वाचू. चार संध्याकाळी कचेरीत बसून आम्ही ते वाचले. भाषा रुक्ष, पण आमच्या स्थायी आदेशांपेक्षा वाईट नव्हे.

त्यात निघाले ते असे. तिकडच्या जोडीदाराचे वार्षिक उत्पन्न किती हवे, ही अट २०१२ च्या जुलैत आली तेव्हा आकडा १८,६०० पौंड होता; २०२४ च्या ११ एप्रिलपासून तो २९,००० केला. (अर्जाच्या दिवशी आकडा पुन्हा पाहावा, सरकार असे आकडे बदलत असते.) बायको बाहेरून अर्ज करते तेव्हा तिचा येथील पगार यात धरत नाहीत, मग ती पुण्यात कितीही मिळवत असो. आणि नवऱ्याचा पगार नुसता आकड्याने पुरून भागत नाही. एकाच मालकाकडे त्याला सहा महिने झालेले असतील, तर सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, तो पगार जमा झाल्याची बँकेची स्टेटमेंटे आणि मालकाचे पत्र, एवढ्यावर काम होते. पगारदाराचा त्या सहा महिन्यांतला सर्वांत कमी पगार हिशेबाचा पाया धरतात. तासावर काम करणाऱ्याची सरासरी काढतात. सहा महिने झालेले नसतील तर आणखी एक अट येते: मागील बारा महिन्यांत हातात पडलेले एकूण उत्पन्नही २९,००० भरले पाहिजे.

आमच्या या जावयाने चार महिन्यांपूर्वीच नोकरी बदलली होती आणि मध्ये दोन महिने तो घरी होता. बारा महिन्यांची बेरीज भरत नव्हती. त्या दिवशी अर्ज टाकला असता तर तो फेटाळलाच गेला असता, मग वकील असो वा नसो. दोन महिने थांबले की सहा स्लिपा पुऱ्या होणार होत्या. मुलीला ते दोन महिने फार जड गेले. थांबा म्हणून सांगणाऱ्यावर कोणी खूष नसतो, याचा आम्हाला संपात अनुभव आहे. पण ती थांबली, अर्ज स्वतः भरला, शेवटच्या स्लिपेपासून अठ्ठावीस दिवसांच्या आत टाकला, आणि व्हिसा मिळाला. वकिलावर एक पैसा खर्च झाला नाही. बाकीचे कागद, म्हणजे मान्यताप्राप्त दवाखान्यातील क्षयाच्या तपासणीचा दाखला, इंग्रजीची प्राथमिक परीक्षा आणि राहण्याच्या जागेचा पुरावा, हे कोणालाही जमण्यासारखे आहे.

पगार कमी पडत असेल तर बचत चालते, पण तिचे गणित विचित्र आहे. बचतीतले पहिले सोळा हजार पौंड सोडून द्यायचे आणि उरलेल्याला अडीचने भागायचे. पगार २५,००० असेल तर तूट चार हजारांची. ती भरायला लागतात सव्वीस हजार पौंड, आणि तेही सहा महिने खात्यात पडून असलेले. आईबापांनी बक्षीस दिलेले चालतात, कर्जाऊ आणलेले चालत नाहीत. कोणी शेजाऱ्याकडून रक्कम आणून महिनाभर खात्यात दाखवू म्हणत असेल, तर त्याला तेथेच थांबवा. खोटा कागद सापडला तर तो अर्ज जातोच, आणि पुढच्या प्रत्येक अर्जाच्या वेळी तो डाग समोर येतो.

आता वकिलाला जे करता येत नाही ते ऐका. नाते खरे आहे हे अधिकाऱ्याला पटावे लागते, आणि तो नवराबायकोला बहुधा भेटत नाही. तो कागद पाहतो. लग्नाची पत्रिका आणि हाराचे फोटो यांवर आपले लोक भिस्त ठेवतात. विवाह नोंदणीचा दाखला तर हवाच. शिवाय लग्नाआधी-नंतर दोघे केव्हा भेटली, तिकिटे, फोन, एकमेकांना पाठवलेले पैसे, हे सर्व लागते. हा पुरावा जगात दोनच माणसांजवळ असतो. वकील तो फार तर फायलीत लावून देईल. १९९७ पर्यंत तेथे असा नियम होता की, लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणे हा नाही, हे अर्जदारानेच सिद्ध करावे. मनातला हेतू सिद्ध करायचा कसा? त्या काळात आपल्या उपखंडातील कितीतरी संसार वर्षानुवर्षे तुटलेले राहिले. १९७९ मध्ये तर हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय स्त्रीची कौमार्याची तपासणी केली गेली, आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. म्हाताऱ्या माणसांच्या मनात विलायतेच्या कचेरीची जी धास्ती आहे ती उगाच नाही. त्या मानाने आजचा नियम पैशाच्या बाबतीत कठोर आहे, पण मोजता येण्यासारखा आहे. आणि जे मोजता येते ते आपले आपल्याला करता येते.

मग वकील केव्हा करावा? आमच्यापुढे आलेले दुसरे प्रकरण यासाठी सांगण्यासारखे आहे. मुलीचे पहिले लग्न मोडलेले. मोडले कसे, तर पंचांसमोर शंभराच्या स्टँपपेपरवर फारकत. तिच्या समाजात ही रीत आहे, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे २९ वे कलम रूढीने होणारा घटस्फोट राखून ठेवते, हेही खरे. पण रूढी सिद्ध करावी लागते. ब्रिटनच्या अधिकाऱ्यापुढे स्टँपपेपर ठेवून "आमच्यात असेच असते" म्हटल्याने भागणार नाही. पहिले लग्न कायम आहे असे ठरले तर दुसरे लग्नच उडते. येथे आम्ही एक दिवसही न घालवता वकील करायला सांगितले, आणि एक नव्हे दोन: येथील कोर्टातून वैवाहिक स्थितीचा निवाडा मिळवणारा एक, आणि तो कागद तिकडे कसा चालेल हे पाहणारा तिकडचा एक. घरची माणसे म्हणाली, एवढा खर्च? आम्ही म्हटले, हो, एवढा.

तसेच आधी एकदा नकार आलेला असेल, पूर्वी मुदतीपेक्षा जास्त राहिल्याचे वा काही लपवल्याचे प्रकरण असेल, नवऱ्याचा स्वतःचा धंदा वा कंपनी असेल, किंवा उत्पन्न पुरत नाही पण मूल आहे आणि त्याच्या हिताचा मुद्दा मांडायचा आहे, तर अर्ज टाकण्याआधीच वकील गाठावा. हा शेवटचा मुद्दा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उचलून धरला: उत्पन्नाची अट कायम ठेवली, पण मुलांचे हित नियमांत पुरेसे पाहिलेले नाही असे सांगितले. असा मुद्दा घरबसल्या मांडणे आम्हालाही जमणार नाही. आणि गरीब माणसाला तिकडे सरकारी खर्चाने वकील मिळत असे तोही इंग्लंड-वेल्समध्ये अशा कौटुंबिक व्हिसांसाठी २०१३ च्या एप्रिलपासून बंद झाला, हे लक्षात असू द्या.

एक मधला मार्गही आहे आणि तो आपल्या लोकांना कोणी सांगत नाही. सगळे प्रकरण वकिलाच्या हाती देण्याची गरज नसते. अर्ज आपण भरावा, कागद आपण लावावे, आणि ठरलेली फी देऊन ते एकदा तपासून घ्यावे. बरेच सॉलिसिटर एवढेच काम स्वतंत्रपणे करतात. एका कुटुंबाचा अर्ज सहा महिन्यांतल्या एकाच महिन्याचे बँक स्टेटमेंट राहिल्याने फेटाळलेला आम्ही पाहिला. अधिकारी राहिलेला कागद मागवू शकतो. मागवलाच पाहिजे असे मात्र त्याच्यावर बंधन नाही. तासाभराच्या तपासणीत ते स्टेटमेंट नाही हे कळले असते.

वकील कोणाला म्हणावे हेही पाहिले पाहिजे. ब्रिटनमध्ये १९९९ च्या कायद्याने, पात्रता नसताना व्हिसाचा सल्ला देणे हा गुन्हा आहे. सल्लागार एक तर सॉलिसिटर, बॅरिस्टर अशा मान्य वर्गातला असावा लागतो, नाही तर सरकारी नोंदणीतला. ही नोंदणी ठेवणाऱ्या कचेरीचे नाव २०२५ च्या जानेवारीत बदलून इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटी झाले. नाव नोंदीत आहे की नाही, हे येथे बसून पाहता येते. हा कायदा तिकडे बसून दिलेल्या सल्ल्यापुरता आहे. आपल्या बसस्टँडासमोर पाटी लावणाऱ्या एजंटाला तो लागू नाही. तेव्हा पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्या: काम करणाऱ्या माणसाचे नाव व नोंदणी, एकूण फी, आणि त्या फीत नेमके काय बसते. "शंभर टक्के व्हिसा" अशी हमी जो देतो त्याच्याकडे तर मागूही नये.

राहता राहिला नकार. नकारपत्रात कारणे दिलेली असतात आणि ती शांतपणे वाचावी. कागद राहिला असेल तर बहुधा नवा अर्ज बरा. अधिकाऱ्याने समोर असलेला पुरावा पाहिलाच नाही किंवा नियम चुकीचा लावला असेल, तर ट्रायब्युनलकडे अपील. कोणते करावे हे ठरवायला जाणता वकील हवा, आणि तो लवकर हवा, कारण बाहेरच्या देशातून अपील करण्याची मुदत नकार मिळाल्यापासून अठ्ठावीस दिवसांची असते. पुष्कळ घरांत त्यातले पंधरा दिवस रडण्यात आणि पाच दिवस एजंटाला शोधण्यात जातात.

आमचे बोलणे येथे संपले. कोणाजवळ असे कागद असतील त्यांनी सभेनंतर पुढे यावे, आम्ही दिवे मालवेपर्यंत येथेच आहोत. नकारपत्र आणले असेल त्यांनी आधी यावे.